बोरीबंदर, १८५३: कानांनी करायची कालयात्रा

बारा मिनिटांची विज्ञानकथा, फक्त ऐकायची. कालप्रवासी सुमाआत्या आणि सोबत दहावीतला भाचा नील. मुक्काम १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर. ठाण्याला निघालेली पहिली प्रवासी गाडी, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. लेखन, रेकॉर्डिंग, मिक्सिंग सगळं मुंबईतल्या घरातच केलं. माझं मत आता पक्कं आहे: जुना काळ ऐकवायचा तर आधी आजचा काळ पुसावा लागतो.

संहितेला अकराशे-बाराशे शब्द पुरतात. मराठी संवाद मिनिटाला साधारण १२० शब्दांनी चालतो, उरलेला वेळ आवाज खातात. "आत्या, ते बघ समोर वाफेचं इंजिन!" हे वाक्य कानाला लगेच खोटं लागतं. त्याऐवजी नील म्हणतो, "आत्या, चष्म्यावर वाफ आली गं, काही दिसत नाहीये!" ऐकणाऱ्यालाही दिसत नसतंच, त्यामुळे तो आपसूक नीलच्या बाजूला उभा राहतो. पेच घड्याळावर बेतला. मुंबईची स्थानिक वेळ आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. गाडी साडेतीनची; नीलच्या घड्याळात पावणेचार झाले तेव्हा बोरीबंदरला तीन वाजून सहाच मिनिटं झालेली. तो गाडी चुकली म्हणून घाबरतो आणि तिथून गोष्ट धावू लागते.

रेकॉर्डिंग शेवटची लोकल गेल्यावर. भिंतींना आणि दाराला गोधड्या, पंखा आणि फ्रिज बंद. माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर आणि किंचित तिरका, कारण मराठीत भ, फ, ख, ध पावलोपावली येतात आणि त्यांचा श्वास थेट माइकवर आदळतो. दोघांना एकत्रच बोलवा. एकमेकांचं वाक्य तोडण्यातली गंमत वेगवेगळं रेकॉर्ड करून येत नाही. मात्र दोन माइकमध्ये निदान ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्यात उतरून पोकळ लागतो. शेवटी कुणी काही न बोलता खोलीची शांतता मिनिटभर टिपून घ्या. संवाद कापल्यावरच्या फटी तिनेच बुजतात. पावसाळ्यात कंडेन्सर माइक दमटपणाने चरचरतो, तो सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवावा.

आता खरं काम. घरात विजेची ५० हर्ट्झची घरघर असतेच. वर्तमानातल्या प्रसंगांत ती मी मुद्दाम राहू दिली. १८५३ मध्ये शिरताना ५०, १०० आणि १५० हर्ट्झला नॉच फिल्टर (फक्त नेमलेली कंपनसंख्या कापणारी चाळणी) लावून काढली. ऐकणाऱ्याला नेमकं काय गेलं ते सांगता येत नाही, पण हवा बदलल्याचं जाणवतं. राजाबाई टॉवर १८७८ चा, तेव्हा टोले नाहीत. घोड्यांची ट्राम १८७४ ची, तीही नाही. कावळे, बैलगाड्या आणि माणसांचा गलका ठेवा.

इंजिनाचा भकभकाट भांडी घासायच्या तारेच्या ब्रशने पत्र्याच्या ट्रेवर काढला. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके पडतात, ते मोजूनच वेग वाढवा. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती, म्हणून तीन ट्रॅक लागतात. पण एकच ट्रॅक तीनदा चिकटवला तर इंजिनं तीन होत नाहीत, एकच मोठं होतं. प्रत्येकाचा वेग तीन-चार टक्क्यांनी वेगळा ठेवला की ठोके एकमेकांत घुसतात आणि गाडीला वजन येतं. शिटी मात्र तयार संग्रहातली घेताना जपून: त्यात अमेरिकन शिट्ट्या भरपूर, अनेक सुरांच्या. इथे एकसुरी हवी.

कालयंत्र म्हणजे चटणी वाटणारा मिक्सर, निम्म्या वेगाने वाजवलेला. आवाज बरोबर एक सप्तक खाली येतो. त्यावर देवघरातल्या घंटेचा नाद उलटा लावला, तो हळूहळू चढतो आणि ठोक्यावर तुटतो. तोच त्यांचा उतरण्याचा क्षण.

अंतिम फाइल स्टिरिओत उणे १६ लफ्सवर (LUFS, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं माप), शिखर उणे १ डेसिबलच्या आत. हेडफोनवर सगळं भारीच वाटतं, म्हणून फोनच्या छोट्या स्पीकरवरही ऐका. तिथे २०० हर्ट्झखालचं जवळजवळ काहीच पोचत नाही: मिक्सर गायब, तोफाही फुसक्या. मिक्सरला वरच्या पट्टीतला किणकिणता थर जोडला, आणि प्रत्येक तोफेच्या तोंडाशी कोरडी लाकडी फळी आपटल्याचा आवाज.