ऱ्होड्स: जहाज तटाला लागतं, मग बस कशाला?

ऱ्होड्स या ग्रीक बेटावर पोचायच्या आदल्या संध्याकाळपासून जहाजावर लिंडॉस या तिथल्या जुन्या गावाच्या सहलीची जाहिरात चालली होती. पन्नासेक किलोमीटर बस, मग उन्हात चढण, परत तेवढीच बस. लिंडॉस सुंदरच असणार, पण सोबत सासूबाई आणि त्यांचे गुडघे होते. आम्ही सहल घेतली नाही. घेऊ नका असंच म्हणेन, कारण ऱ्होड्सला क्रूझ थेट जुन्या शहराच्या तटबंदीपाशी लागते. धक्क्यावरून रमतगमत दहा-पंधरा मिनिटांत वेशीतून आत.

सकाळी झेंडेवाले गाइड आपापले जथे घेऊन सरदारांच्या रस्त्याकडे (स्ट्रीट ऑफ द नाइट्स) वळतात. तुम्ही उलट, डावीकडे ज्यू वस्तीत जा. १५७७ चं काहाल शालोम हे ग्रीसमधलं सर्वांत जुनं चालू सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) तिथे आहे. जवळच्या चौकात १९४४ मध्ये इथून ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत नेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. त्याच्या आजूबाजूला आता आइस्क्रीमची दुकानं आहेत, ते जरा विचित्र वाटतं.

गर्दी पांगली की सरदारांचा रस्ता चढा. सेंट जॉनचे सरदार, म्हणजे धर्मयुद्धं लढणारा एक ख्रिस्ती लष्करी पंथ, १३०९ पासून १५२२ पर्यंत इथले धनी होते. भाषेनुसार त्यांची वेगवेगळी निवासस्थानं होती, ती या रस्त्यावर ओळीने दिसतात. रस्ता गोट्यांचा आहे. तळवे बोलायला लागतात, तेव्हा पातळ चपला नकोत. वरचा, सरदारांच्या प्रमुखाचा राजवाडा जुना दिसतो, पण मूळ इमारत १८५६ मध्ये बंदुकीच्या दारूच्या स्फोटात गेली. आजची इटालियनांनी १९३० च्या दशकात उभारली. तिकीट काढायचं नसेल तर खंदकात उतरा. फुकट आहे, सावली मिळते, आणि दगडी तोफगोळे सगळीकडे पडलेले. गडकोटांची सवय असलेल्या मराठी माणसाला राजवाड्यापेक्षा हा खंदकच जास्त आवडेल.

जेवायला हिप्पोक्रेटस चौकातली, दारात उभं राहून हाका मारणारी हॉटेलं टाळा. दोन गल्ल्या आत शिरा. शाकाहाऱ्यांनी पितारुदिया मागवावी: चणे, टोमॅटो, कांदा, पुदिना घालून तळलेली, आपल्या डाळवड्याची चुलत बहीण. कॉफी बिनसाखरेची हवी तर ‘स्केतो’, मध्यम गोड ‘मेत्रियो’.

दुपारी मांद्राकी बंदर. हरणांचे पुतळे असलेले खांब दिसतात तिथेच प्राचीन सात आश्चर्यांपैकी तो प्रसिद्ध महाकाय पुतळा (कोलोसस) होता असं सांगतील; त्याला पुरावा नाही. तो इ.स.पू. २२६ च्या सुमारास भूकंपात पडला. पुढे एली किनारा आहे, टॉवेल घेऊन जा.

काही क्रूझ मध्येच तुर्कस्तानात जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये येतात. तसा मार्ग असेल तर शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या अनेक देशांसाठीचा एकच) एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, तुर्कस्तानच्या व्हिसाचं वेगळं विचारून घ्या. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. इटलीहून आलात तर ग्रीसची वेळ तासभर पुढे असते, मोबाइल ती आपोआप बदलतो, जहाज बदलेलच असं नाही.