टाकीतले पहिले प्रवाळ

दादर, रविवार, रात्री साडेदहा

प्रवाळ घरी येऊन आज एकवीस दिवस झाले. या दिवसांत रोज एकदा तरी ते मेले असावेत अशी माझी खात्री झाली, म्हणून जे घडले ते लिहून ठेवतो.

समुद्री माशांची ही टाकी दीडशे लिटरची आहे. जूनमध्ये आरओच्या पाण्यात मीठ कालवून ती भरली आणि पाच आठवड्यांनी अमोनिया व नायट्राइट ही जलचरांना घातक द्रव्ये शून्यावर आली, तेव्हा माझ्या मते प्रवाळ आणायला हरकत नव्हती. ज्या मित्राच्या नादाने मी यात पडलो त्याने मात्र ‘पाणी तयार झालं, टाकी नाही’ असे म्हणून मला ऑक्टोबरपर्यंत थांबवले. त्या काळात खडकांवर आधी तपकिरी साय धरली, मग हिरवे शेवाळ आले आणि ओसरले, आणि मी पाणी गरजेपेक्षा अधिक निर्मळ ठेवत होतो हेही लक्षात आले. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य दिसले की मला अभिमान वाटे. पण प्रवाळाच्या शरीरात राहून प्रकाशावर अन्न तयार करणारी आणि त्यातला मोठा वाटा त्याला देणारी जी सूक्ष्म शैवाले असतात, त्यांनाही शेतातल्या पिकाप्रमाणे नत्र आणि स्फुरद लागतेच. आता माशांना चिमूटभर जास्त खायला घालून मी नायट्रेट लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या आसपास राखतो.

काय आणायचे याचा निम्मा निर्णय कायद्यानेच केला. परदेशी व्हिडिओ पाहून हॅमर आणि डंकन हे कठीण प्रवाळ मनात भरले होते. पण दगडी सांगाडा घडवणारे कठीण प्रवाळ आपल्याकडे २००१ पासून, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत, आणि कोणी ते चोरून विकत असला तरी मला ते घरात नकोत. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर अशा प्रवाळांच्या वसाहती आढळल्या होत्या आणि सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये त्या हलवाव्या लागल्या, हे वाचल्यापासून तर तो मोह पुरता गेला. उरले ते सांगाडा न करणारे. त्यांना कॅल्शियमची फारशी भूक नसते, त्यामुळे नवशिक्याला रोज मात्रा मोजत बसावे लागत नाही. ग्रीन स्टार पॉलिप हा मऊ प्रवाळ मित्र फुकट देत होता, पण तो हिरवळीसारखा पसरून सगळा खडक गिळतो म्हणून नको म्हटले. शेवटी त्याच्याच टाकीत वाढलेले झोअँथिडचे, म्हणजे बटणाएवढ्या फुलांसारख्या जीवांच्या वसाहतीचे, दोन तुकडे आणि एक लाल मशरूम, म्हणजे चकतीसारखा मऊ प्रवाळ, ठरले. आईला हे काही पटले नाही. तिच्या लेखी पोवळे म्हणजे मंगळासाठी अंगठीत घालायचा खडा. ‘याला रोज काय घालणार?’ असे तिने दोनदा विचारले.

मुलुंडहून स्लो लोकलने, थर्माकोलच्या डब्यात, तिघे आले. पिशव्या वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवल्या. मित्राच्या पाण्याची घनता १.०२३ आणि माझ्याची १.०२५, म्हणून बारीक नळीने थेंबथेंब पाणी सोडत आणखी तासभर घालवला. मग आयोडीनच्या द्रावणात बुडवल्यावर एका झोअँथिडवरून त्याच्याच रंगाची, नखाएवढीही नसलेली एक बिनशंखाची गोगलगाय सुटून पडली. ती झोअँथिडच खाते, आणि तिची अंडी या द्रावणाने मरत नाहीत. म्हणून खालचा प्लग, म्हणजे तुकडा ज्यावर चिकटवलेला असतो ती बैठक, कापून टाकायचे ठरवले. आईने स्वयंपाकघरातला चाकू दिला नाही, ते फार बरे झाले, कारण काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. हातमोजे आणि चष्मा घालून जुन्या ब्लेडने ते काम उरकले.

त्यानंतरच्या चुका माझ्याच. दिवे निम्म्यावर आणायचे विसरलो, ते दुसऱ्या दिवशी आणले. ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी टाकी तीस अंशांवर गेली. पंख्याने ती सत्तावीसवर उतरते, पण रोज दोन लिटर पाणी उडते, आणि मीठ उडत नसल्यामुळे भर गोड्याच पाण्याची घालावी लागते, हे मी पहिले दोन दिवस उलटे केले. आणि मशरूम. ते आक्रसलेले दिसले म्हणून मी त्याला वर नेले, मग डावीकडे, मग प्रवाहापासून दूर. नवव्या दिवशी सकाळी प्लग रिकामा होता. मित्राला फोन केला तर तो हसला आणि म्हणाला, ‘आता तरी हात खिशात ठेव.’

झोअँथिड अकराव्या दिवशी उघडले, आधी कडेचे तीन आणि मग बाकीचे. आता दुपारी बारा वाजता दिवे लागले की अर्ध्या तासात सगळे फुलतात, आणि आईही जेवणाआधी एकदा डोकावून जाते.

आज संध्याकाळी काच पुसताना मागच्या खडकाखाली बॅटरी मारली. मशरूम तिथे आहे, पंपाच्या आडोशाला, जवळजवळ अंधारात, रुपयाच्या नाण्याएवढे पसरलेले आणि दगडाला घट्ट धरून. मी बॅटरी विझवली.