घरचा टॉमकॅट: सामायिक जारची वाटणी

कोथरूडच्या घरातल्या जुन्या पीसीवर टॉमकॅट ९ चालतो, म्हणजे जावात लिहिलेली वेब ॲप चालवणारा सर्व्हर. त्यावर आता तीन ॲप झाली: सोसायटीच्या टँकरचा हिशेब, ट्रेकच्या नोंदी आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांच्या पाणीसाठ्याचा तक्ता. तिघांनाही पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर, लॉग लिहिणारं लॉगबॅक आणि जेसन डेटा वाचणारं-लिहिणारं जॅक्सन लागतं. हे सगळे जार, म्हणजे जावाच्या तयार कोडच्या बांधलेल्या फाइली. या आठवड्यात कुठला जार कुठे राहील ते एकदाचं ठरवलं.

नेटवर अजून ‘शेअर्ड/लिबमध्ये टाका’ असे सल्ले सापडतात. ते टॉमकॅट ५.५ च्या जमान्यातले. तेव्हा कॉमन, सर्व्हर, शेअर्ड अशी तीन फोल्डर असायची. ६ पासून एकच लिब उरलं. आज शेअर्ड नावाचं फोल्डर नुसतं बनवून काही होत नाही. टॉमकॅटच्या कॅटालिना.प्रॉपर्टीज या सेटिंगच्या फाइलमधली शेअर्ड.लोडरची ओळ मुळात रिकामी असते, तिथे पत्ता लिहावा लागतो.

ड्रायव्हर लिबमध्ये गेला. तिन्ही ॲपचा कनेक्शन पूल (डेटाबेसची उघडून ठेवलेली कनेक्शनं) एकच आहे, सर्व्हर.एक्सएमएलमध्ये मांडलेला. तो बनवतो टॉमकॅट, आणि टॉमकॅटच्या लोडरला, म्हणजे जारमधले क्लास मेमरीत आणणाऱ्या भागाला, ॲपच्या स्वतःच्या वेब-इन्फ/लिब फोल्डरमधलं काही दिसत नाही. टॉमकॅटचा लोडर वर, ॲपचे खाली: खालच्याला वरचं दिसतं, वरच्याला खालचं नाही. फक्त हे लिब कॅटालिना_बेसचं (आपली सेटिंग आणि ॲप असलेलं फोल्डर), कॅटालिना_होमचं (मूळ टॉमकॅट असलेलं फोल्डर) नव्हे. म्हणजे नवी आवृत्ती आली की होम खुशाल बदलता येतं. ड्रायव्हर बदलला तर मात्र अख्खा सर्व्हर बंद-चालू करावा लागतो. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जातेच, तेव्हा तेही उरकतं.

लॉगबॅक आणि जॅक्सन ज्याचे त्याच्या वेब-इन्फ/लिबमध्येच ठेवले. लॉगबॅक सामायिक केलं की त्याच्या स्टॅटिक गोष्टीही (क्लासमागे एकदाच साठवलेल्या) सामायिक होतात, मग टँकरवाल्या ॲपची लॉग लेव्हल (किती बारीक नोंद करायची ते) बदलली की धरणांचीही बदलते. जॅक्सन स्वतःच्या कॅशमध्ये ॲपचे क्लास धरून ठेवतो. तो वर, टॉमकॅटच्या लिबमध्ये बसला तर ॲप रीडिप्लॉय केल्यावरही (नव्याने चढवल्यावरही) जुना लोडर मेमरीतून हलत नाही. थोडेसे एमबी वाचवायला हा ताप कोण घेणार?

तारखा आणि मराठी आकड्यांचा माझा छोटा जार तिन्हीकडे आहे. त्याच्या तीन प्रती नको होत्या, म्हणून प्रत्येक ॲपच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये पोस्टरिसोर्सेस वापरून एक बाहेरचं फोल्डर वेब-इन्फ/लिबवर चढवलं. ही सोय टॉमकॅट ८ पासून आहे. डिस्कवर फाइल एकच, पण प्रत्येक ॲप आपापल्या लोडरने ती वाचतं. सामायिक जार म्हटलं की बहुतेकांना खरं तर एवढंच हवं असतं, असं माझं मत.

पुढचं काम टॉमकॅट १० चं. तिथे वेब ॲपच्या कोडमधल्या पॅकेजच्या नावांत जावाएक्सचं जकार्ता झालंय, त्यामुळे ट्रेकच्या ॲपमधले जुने फिल्टर (विनंती ॲपपर्यंत पोचण्याआधी तपासणारा कोड) आधी बदलायला घेतोय.