घरचा ग्रॅनोला, मोजून ३० ग्रॅम

ओट्स, बदाम, मध, बिया. एकेकाचं नाव घ्यावं तर सगळी सज्जन मंडळी. एकत्र करून भाजली की ग्रॅनोला होतो, आणि त्याच्या मात्र शंभर ग्रॅमला ४८० च्या पुढे कॅलरी होतात. नेहमीच्या कृतीचा हिशेब मांडून बघा: ३०० ग्रॅम ओट्सच्या ११४०, १२० ग्रॅम बदाम-काजूच्या ६८०, १०० ग्रॅम मधाच्या ३००, ८० ग्रॅम तेलाच्या ७००, ६० ग्रॅम मनुकांच्या १८०. झाल्या ३०००. यातल्या तेलाच्या ७०० खाताना जाणवतही नाहीत. तेल दिसत नाही, हाताला फारसं लागत नाही, आणि जवळजवळ पाव वाटा तेच घेऊन जातं.

तेव्हा घरी करायचा. पण घरी केला म्हणून तो शंभर ग्रॅमला २०० कॅलरीचा होणार नाही. नुसते कोरडे ओट्सच ३८० चे असतात. पाणी निघून गेलेला कुठलाही धान्याचा पदार्थ त्याच्या खाली फारसा येत नाही, मग वर कितीही 'लाइट' लिहिलेलं असो. हातात दोनच गोष्टी उरतात: तेल आणि गोड कमी करणं, आणि तेवढ्याच वजनात वाटी जास्त भरेल असं काहीतरी घालणं. दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्याकडे लाह्या आहेत. ज्वारीच्या लाह्या श्रावणात नागपंचमीच्या आसपास कुठेही मिळतात, एरवी फुटाणे-चुरमुरेवाल्याकडे विचारायच्या. राजगिऱ्याच्या उपवासामुळे बाराही महिने असतात. चुरमुरेही चालतात, पण ते बहुधा खारवलेले असतात, मग वरचं मीठ घालू नये.

एका ट्रेला माझं प्रमाण असं. रोल्ड ओट्स २०० ग्रॅम, ज्वारीच्या लाह्या ४०, राजगिऱ्याच्या लाह्या २०, बदामाचे काप २५, भोपळ्याच्या बिया २०, जवस १०, तीळ ५. ओल्या बाजूला मध ४० ग्रॅम, तेल १० ग्रॅम, एका अंड्याचा पांढरा भाग (साधारण ३३ ग्रॅम), शिजवून घोटलेलं सफरचंद ६० ग्रॅम. एक छोटा चमचा दालचिनीची पूड, पाव चमचा मीठ. शेवटी, भाजून झाल्यावर, २० ग्रॅम मनुका. सगळ्यांच्या मिळून १६३० कॅलरी होतात.

आता एक चूक, जी मी सुरुवातीचे ट्रे करताना केली आणि कॅलरी मोजणारे बरेच जण करतात. हे सगळं कच्चं मोजलं तर ४८३ ग्रॅम भरतं. १६३० ला त्याने भागलं की शंभर ग्रॅमला ३३७ येतात आणि फार बरं वाटतं. पण ट्रेमधून बाहेर येतो तो ३८० ग्रॅम. शंभरेक ग्रॅम पाणी उडून गेलं: सफरचंदातलं, अंड्यातलं, मधातलं, थोडं ओट्समधलंही. कॅलरी कुठेही उडत नाहीत. म्हणून भागायचं ते तयार मालाच्या वजनाने, म्हणजे शंभर ग्रॅमला ४३०, तीस ग्रॅमला १३०. कच्च्या वजनाने धरलं तर तीस ग्रॅमचे १०० च लिहिले जातात. महिनाभर रोज वाटी खाल्ली की वहीतला आणि पोटातला हिशेब ८०० पेक्षा जास्त कॅलरींनी वेगळा पडतो. तयार ग्रॅनोला गार झाल्यावर ट्रेसकट काट्यावर ठेवायचा आणि रिकाम्या ट्रेचं वजन वजा करायचं. रिकाम्या ट्रेचं वजन आधीच टिपून ठेवलेलं बरं.

कुणी म्हणेल, ४८५ वरून ४३० वर आलात, एवढ्यासाठी एवढी यातायात? तीस ग्रॅमला फरक जेमतेम सोळा-सतरा कॅलरींचा. बरोबर आहे. पण नेहमीचा ग्रॅनोला तीस ग्रॅम म्हणजे मापाचा पाव कप, बोलच्या तळाशी दिसेल न दिसेल इतका. लाह्या घातलेला तेवढ्याच वजनाला जवळपास अर्धा कप भरतो. नेहमीच्याचा अर्धा कप घेतला असता तर २९० झाल्या असत्या. खरी बचत इथे आहे.

ओट्स घेताना पाकिटावर 'रोल्ड' किंवा 'जंबो' लिहिलेलं बघावं. दुकानात सगळ्यात पुढे मांडलेले असतात ते लवकर शिजणारे बारीक ओट्स. ते सफरचंद-मधात भिजले की लापशी होते आणि भाजले की भुगा. मधाबद्दलही एक समज काढून टाकलेला बरा. मध शंभर ग्रॅमला ३०४ आणि साखर ३८७, म्हणून मध हलका असं नाही. मधात १७-१८ टक्के पाणी असतं एवढंच. भट्टीत ते पाणी गेलं की उरते ती साखरच. गुळाचंही तसंच. गूळ घ्यायचा तर तो सफरचंदाच्या गरात गरम करून पूर्ण विरघळवावा, कोरडी गूळ पावडर भुरभुरली तर ती ठिकठिकाणी जळून कडू डाग पडतात. साखरेऐवजी स्टीव्हिया घालून पाहिलं. गोडी येते, पण स्टीव्हिया ना चिकटवतो ना रंग आणतो. ग्रॅनोला फिकट, सुटासुटा आणि कागदासारखा लागतो. ४० ग्रॅम मध हा तळ आहे, ३० वर गुठळ्या धरत नाहीत.

तेल पूर्ण काढून टाकण्याचा मोहही होतो. काढू नये. बिनतेलाचे ओट्स भाजले तरी तोंडात पिठूळ लागतात, आणि गराचं प्रमाण वाढवून भरपाई केली की चिवट होतात. दोन छोटे चमचे, म्हणजे १० ग्रॅम, पुरतात. पण ते मोजून: बाटलीतून 'अंदाजाने' ओतलेले दोन चमचे काट्यावर सहज वीस-बावीस ग्रॅम भरतात.

गुठळ्यांचं काम अंड्याचा पांढरा भाग करतो. सतरा कॅलरीत तो मधाच्या निम्म्याहून जास्त चिकटपणाची जागा भरून काढतो. काट्याने फेस येईपर्यंतच फेटायचा, केकसारखा ताठ नको. वास दालचिनीत झाकला जातो. अंडं नको असेल तर जवसाची पूड एक मोठा चमचा तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवावी, बुळबुळीत होते, तीच घालावी. कुरकुरीतपणा थोडा कमी, बाकी चालतं. वरच्या यादीतला जवस मात्र अख्खा ठेवू नये, तो न पचता जसाच्या तसा बाहेर पडतो. मिक्सरला दोन झटके द्यावेत, अगदी पीठ नको.

कृतीचा गाभा ज्यांनी पातळ पोह्यांचा चिवडा केला आहे त्यांना सांगावा लागत नाही: प्रत्येक जिन्नस वेगळ्या वेळी जळतो, म्हणून सगळं एकदम घालायचं नाही. आधी ओट्स, बदाम, भोपळ्याच्या बिया, दालचिनी, मीठ कोरडंच एकत्र करायचं. मध, तेल आणि गर कोमट करून एकजीव करायचा, थोडा निवला की त्यात फेटलेलं अंडं (गरम असताना घातलं तर ते शिजून दोरे होतात). मग दोन्ही हातांनी चोळून प्रत्येक ओट ओला करायचा. लाह्या या वेळी अजिबात नाहीत. ओल्या मिश्रणात लाही पडली की दोन मिनिटांत चिमते, आणि जिच्यासाठी घातली तो फुगाच जातो.

ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) १५० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून ठेवायचा. ट्रेवर बटर पेपर, त्यावर मिश्रण एक ते दीड सेंटिमीटर जाडीचं, मधोमध जरा पातळ आणि कडेला जाड. उलटं केलं तर कडा करपतात आणि मध्य ओला राहतो. वाटीच्या बुडाने दाबून घ्यायचं. मधली खाच, वरची-खालची दोन्ही दांडी चालू. पंधरा मिनिटांनी एकदाच हलक्या हाताने परतायचं, तीळ आणि जवस या वेळी घालायचे, पुन्हा दाबायचं, ट्रे फिरवून आत. आणखी बारा मिनिटांनी वर लाह्या पसरायच्या आणि शेवटची सात-आठ मिनिटं. या वेळी ढवळायचं नाही, ढवळलं की झालेल्या गुठळ्या मोडतात. एकूण पस्तीस मिनिटं धरा. तुमच्या ओटीजीचा आकडा खरा असेलच असं नाही. वीस मिनिटांतच कडा तपकिरी झाल्या तर पुढच्या वेळी १४० ठेवा.

झालं की नाही हे ट्रेमध्ये बोट घालून कळत नाही, कारण गरम असताना साखर मऊच असते. नेमके इथेच लोक फसतात: मऊ लागतंय म्हणून आणखी दहा मिनिटं, मग आणखी पाच, आणि गार झाल्यावर हाती येतो काळपट, कडसर खडखडाट. एक चमचा बशीत काढायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. दातांखाली कुर्र वाजला की बंद. रंग गव्हाळ हवा, चॉकलेटी नको. बाहेर काढल्यावर ट्रे तसाच पाऊण तास उघडा राहू द्यायचा. डब्यात कोमट भरला तर आतली वाफ दुसऱ्या दिवशी सगळं सादळवते. गार झाल्यावर गुठळ्या हाताने मोडायच्या, मनुका तेव्हाच. भाजताना घातल्या तर त्या फुगतात, मग गोळ्यांसारख्या कडक होतात आणि दाढेत बसतात.

ओटीजी नसेल तर जाड बुडाची कढई. गर आणि अंडं वगळायचं, मंद आचेवर ओट्स-बदाम-बिया अठरा-वीस मिनिटं हलवत भाजायचं, शेवटी चमचाभर पाण्यात सैल केलेला २५ ग्रॅम मध आणि तेल टाकून पाच मिनिटं, गॅस बंद करून लाह्या. गुठळ्या होत नाहीत, चव उत्तम. एअर फ्रायरमध्ये १४० वर बारा-चौदा मिनिटं, पण लाह्या त्यात टाकू नका. पंख्याच्या वाऱ्याने त्या उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळका धूर निघतो. बाहेर काढल्यावर मिसळा.

घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तीन आठवडे कुरकुरीत राहतो. पावसाळ्यात, त्यातून मुंबई किंवा कोकणात, दहा दिवस म्हणजे खूप. सादळला तर १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मनुका वेचून काढून, पुन्हा गार करून भरायचा. खवट वास आला तर मात्र गरम करण्यात अर्थ नाही, तेल आणि बियांचा स्निग्धांश बिघडलेला असतो, तो फेकायचाच.

दिवसाला १४०० कॅलरींचा आराखडा असेल तर नाश्त्याला तीनशेच्या आत मी हे असं बसवते: ग्रॅनोला ३० ग्रॅम, टोन्ड दुधाचं घट्ट दही १५० ग्रॅम, पपई १०० ग्रॅम. मिळून साधारण २६०. तीस ग्रॅम ग्रॅनोल्यात प्रथिनं जेमतेम चार ग्रॅम असतात. नुसत्या ग्रॅनोल्यावर अकरा वाजताच भूक लागते ती त्यामुळे. दही कमी करून ग्रॅनोला वाढवणं हा तोट्याचा सौदा आहे. दही ऐन खाताना घालायचं, आधी नाही, आणि ग्रॅनोला नेहमी वरून.

बरणीतून मुठीने खाल्ला तर सगळा आराखडा कोलमडतो. एक मूठ पंचवीस ग्रॅमची, म्हणजे १०७ कॅलरी, आणि मूठ कधी एकच नसते. म्हणून गार झाल्याबरोबर काटा मांडून तीस-तीस ग्रॅमच्या छोट्या डब्या भरून टाकते. ३८० ग्रॅमच्या बारा डब्या होतात आणि तळाला वीस ग्रॅमचा चुरा उरतो. तो ट्रेपाशी उभ्याउभ्याच संपतो. त्याच्या ८६ कॅलरी त्या दिवशीच्या वहीत लिहायच्या.