तुम्ही विचारलंत म्हणून: गाणं चालतं, मग निवेदन का नाही?

‘हिंदी प्रेमगीतांच्या कार्यक्रमात एवढं उर्दू कशाला बोलता? कोल्हापूरच्याच ना तुम्ही?’ मध्यंतरात, लग्नात, भाजी घेतानासुद्धा कुणीतरी हे विचारतं. मी या कार्यक्रमांचं निवेदन करते. बरीच वर्षं मी या प्रश्नावर नुसती हसले. आता सांगते.

तुम्ही ज्या गाण्यांवर माना डोलावता, ती साहिर, मजरूह, शकील बदायूनी, कैफी आझमी यांची आहेत. मुशायरे गाजवून ही माणसं सिनेमात आली आणि उर्दूतच लिहीत राहिली. त्यांच्याही आधी पारशी रंगभूमीनं ही बोली बोलपटाला दिली होती. १९३१चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट पारशी नाटकावरूनच झाला.

कोल्हापूरला तर यात परकं वाटायचं कारणच नाही. प्रभात फिल्म कंपनीनं इथं ‘अयोध्येचा राजा’ केला तो १९३२ सालीच, मराठीत आणि हिंदीतही. लतादीदी मुंबईला जाण्याआधी इथं मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत होत्या. मराठी माणसाच्या उर्दूला डाळ-भाताचा वास येतो, असं पुढं दिलीपकुमार त्यांना म्हणाले. दीदींना ते लागलं आणि त्या मौलवींकडं उर्दू शिकल्या. त्यांच्या उच्चारांचं आपण कौतुक करतो, मग मी शिकले की ते सोंग कसं?

खरं सांगायचं तर मला राग प्रश्नाचा नाही, एका रात्रीचा आहे. गणपतीत एका मंडळाचा कार्यक्रम होता. मी गाण्याआधी एक शेर म्हटला. एक कार्यकर्ता मंचावर चढला, माझ्या हातातला माईक घेतला आणि म्हणाला, ‘बाई, हे मोहल्ल्यातलं इथं नको. मराठीत बोला.’ खाली चारदोन टाळ्या पडल्या. माझ्या मागं ढोलकीवर चाचा बसले होते. शब्द घशातून कसा काढायचा, नुक्ता, म्हणजे उच्चार बदलणारा अक्षराखालचा टिंब, कुठं सांभाळायचा, हे सगळं मला त्यांनीच शिकवलेलं. मी वळून पाहिलं. ते ढोलकीची दोरी ओढत होते. म्हणाले, ‘ताई, तुम्ही बोला मराठीत. मला काय वाटत नाही.’

मी बोलले. शेवटपर्यंत मराठीत. आणि गाणी? ती सगळी तीच झाली, उर्दूनं भरलेली. वन्समोअरही त्यांनाच मिळाला.

गायक उभे होते, मंडळी बसली होती, चाचांच्या दिवसाचे पैसे बुडाले असते, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. ते खोटं नव्हतंच. पण तेव्हाची मी असंही म्हणायची की भाषा काय, नुसता लहेजा आहे, सोडला तर सोडला. ते मला आता पटत नाही. चाचांना खरंच काही वाटलं नव्हतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तरी ते खरं सांगतील, असं वाटत नाही.

हल्लीच्या मालिका-वेबसिरीजमध्ये प्रेमात पडलेला नायक एखादा शेर फेकतो. उच्चार धड नाही, आगापीछा नाही, तरी ते सगळ्यांना चालतं. मला मात्र शायराचं नाव घेतल्याशिवाय गाणं सुरू करावंसं वाटत नाही. पुढच्या कार्यक्रमात साहिरचा शेर मी उर्दूतच म्हणणार आहे आणि अर्थ मराठीत सांगणार आहे. मराठीत अर्थ सांगणं म्हणजे त्या कार्यकर्त्यापुढं पडतं घेणं आहे, असं म्हणणारे माझ्या घरातच आहेत. त्यांच्याशी माझा वाद अजून चालू आहे.