घोडबंदर रोड, पण खाडीच्या बाजूनं

घोडबंदर रोडवर ठाण्याहून निघालं की बाळकुम, कोलशेत, वाघबीळ ही नावं नाक्यांवर आणि पाट्यांवर दिसतात, गावं दिसत नाहीत. वाघबीळ नाक्यावर उतरून खाडीच्या दिशेनं आत चालत गेलं की गाव लागतं. कोलशेत तर पार पाण्याला टेकलेलं. कारण साधं आहे: ही गावं वसली तेव्हा वाहता रस्ता म्हणजे उल्हासची खाडी. आज आपण गावांच्या परसदारातून ये-जा करतो.

सुरुवात ठाण्यातच करावी. वसई १५३४ च्या तहानं पोर्तुगीजांकडे गेली आणि साष्टी, म्हणजे ठाण्यापासून दक्षिणेकडचं बेट, फिरंगाणात, म्हणजे पोर्तुगीज मुलखात, आली. ठाणं म्हणजे त्या मुलखाचा कडेचा नाका, कारण पूर्वेला दुसऱ्या अमलातलं कल्याण-भिवंडी. तो भाग शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतला, पुढे तो या हातातून त्या हातात जात राहिला. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य मुंबईहून जुन्नरला गेला, तोही कल्याणपर्यंत होडीनं. जमिनीची वाट खरी सुरू व्हायची ती कल्याणनंतर, नाणेघाटाकडे.

चेंदणी आणि महागिरी हे कोळीवाडे पाण्याच्या काठाला. मासुंदा तलावाकाठी एका बाजूला सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, दुसरीकडे कोपिनेश्वराचं देऊळ. हे सगळं पायी तासाभरात होतं. किल्ल्याचं बांधकाम पोर्तुगीजांनी १७३० मध्ये काढलं आणि ते पुरं व्हायच्या आत, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणं घेतलं. १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला. आत आता मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे बाहेरूनच तट बघायचा. उगाच फोटो काढत रेंगाळू नये.

कोलशेतला जायचं तर ओहोटी साधून. पंचांग घ्या आणि तिथीची पाऊणपट करा: अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती साधारण सहाला, एकादशीला सव्वाआठ. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हा हिशेब समुद्रकाठचा. खाडीत आत भरती जरा मागाहून पोचते, तेवढी सवड धरावी. गलबतंही याच गणितावर चालायची. वसईकडून कल्याणला जायचं तर भरतीबरोबर, परतताना ओहोटीबरोबर. पाणी उलटलं की नांगर टाकून बसायचं. या खाडीकाठी इतकी बंदरं का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे असं आमचं मत.

ओहोटीला खारबांध नीट दिसतात. खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खारी दलदल, अडवून भातशेती करायची ही जुनी कोकणी रीत, आणि अशी जमीन काढणाऱ्याला सारा हलका ठेवायचा, ही शिलोत्रीची पद्धत. सरहद्दीच्या मुलखात माणसं टिकवायची तर सवलत द्यावीच लागते. बांध खाडीतल्याच चिखलाचा, उधाणाच्या पाण्यापेक्षा उंच. त्यात उघाडी, म्हणजे पाणी सोडायची मोरी. तिचं लाकडी दार वरच्या बाजूला टांगलेलं, फक्त खाडीकडेच उघडणारं. भरती आली की बाहेरचं पाणीच दार दाबून बंद करतं. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. माणसानं हात लावायची गरज नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी. दाराच्या फटीत ओंडका किंवा गाळ अडकला की खारं पाणी आत शिरतं. दुसरं म्हणजे चिंबोऱ्यांची बिळं: बोटभर भोकातून पाणी झिरपायला लागतं आणि एका उधाणात तिथेच खांड पडते. मग मीठ धुऊन जायला काही पावसाळे द्यावे लागतात. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एका वेळी आली तर दार बंदच राहतं आणि पाणी आतच तुंबतं. आजही सखल ठाण्यात याच गाठीला पाणी भरतं, फक्त शेताऐवजी पार्किंगमध्ये.

त्यामुळे वस्तीचे थर वाचायला सोपे जातात. पाण्याला लागून कोळीवाडा नि बंदर, मग मिठागर आणि खारी शेती, तिच्यावर भरती पोचत नाही अशा उंचवट्यावर गावठाण, आणि डोंगराच्या कुशीला पाडे. येऊरकडे चढत गेलं की अजून पाडेच लागतात.

गायमुखनंतर डोंगर पार खाडीला भिडतो. शेतीला जागाच उरत नाही, म्हणून इथे वस्ती विरळ. चेणे ओलांडलं की घोडबंदर. अरबी घोड्यांच्या व्यापारावरून हे नाव पडलं म्हणतात. किल्ला लहानशा टेकडीवर, चढ दहा-पंधरा मिनिटांचा. वर पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नये. १७३७ च्या मोहिमेत हाही मराठ्यांनी घेतला. वसई पडली १७३९ मध्ये. बुरुजावरून खाडीचा लांबच लांब पट्टा नजरेत राहतो. इथून जाणारं-येणारं गलबत चुकणं कठीण.

उतरताना वेळ बघा. संध्याकाळी गायमुखच्या घाटात अवजड गाड्यांची रांग लागते, आणि पावसाळ्यात खड्ड्यांमुळे ती आणखी लांबते. चारच्या आत परतीची बस धरलेली बरी.