संस्थेचे आभासी जग कोणाच्या ताब्यात असावे?

एखादी शिक्षणसंस्था आभासी जगाचा, म्हणजे माणसे ‘अवतार’ या आपल्या प्रतिरूपातून वावरतात अशा संगणकावरील त्रिमितीय जागेचा, विचार करू लागली की बोलणे बहुधा दृश्यापासून सुरू होते. इमारत कशी दिसेल, अवतारांना कोणते कपडे असतील, पाहुण्यांना दाखवायला काय असेल, यावर बैठकाच्या बैठका होतात. माझा आग्रह असा आहे की या सगळ्याआधी एका कोरड्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे: हे जग बंद करण्याचा अधिकार कोणाकडे असेल आणि ते बंद झाले तर आपल्या हातात काय उरेल? मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांची संहिता (मूळ प्रोग्राम) कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येते अशा, आभासी जगांकडे संस्थांनी वळावे असे मला वाटते, ते याच प्रश्नामुळे. ती फुकट मिळतात हे कारण मला गौण वाटते. तसे पाहिले तर ती फुकट पडतही नाहीत.

लिंडेन लॅब या कंपनीने २००३ साली सेकंड लाइफ हे आभासी जग खुले केले आणि पुढच्या काही वर्षांत जगभरातील अनेक विद्यापीठांनी तेथे बेटे भाड्याने घेऊन ग्रंथालये, प्रयोगशाळा, सभागृहे उभारली. शैक्षणिक संस्थांना भाड्यात निम्मी सवलत होती. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले की जानेवारी २०११ पासून नव्या करारांना आणि नूतनीकरणाला ही सवलत मिळणार नाही. म्हणजे करार संपताच संस्थेचे भाडे दुप्पट होणार. किशोरवयीनांसाठीचे वेगळे जगही याच सुमारास गुंडाळले गेले. सवलत २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली, परंतु मधल्या काळात कित्येक संस्था निघून गेल्या होत्या. येथे कंपनीला दोष देण्याचे कारण नाही, कारण आपल्या मालाची किंमत ठरवण्याचा तिला अधिकारच आहे. संस्थांची खरी अडचण अशी होती की संपूर्ण प्रदेश, त्यातील जमीन, वस्तू आणि त्या वस्तूंमधील आज्ञावली जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेण्याची सोय तेथे नव्हती. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी केलेले काम भाड्याबरोबर संपत होते.

मुक्तस्रोत प्रकल्प अमर असतात असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. सन मायक्रोसिस्टिम्सचा वंडरलँड हा जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला मुक्तस्रोत प्रकल्प शिक्षणक्षेत्राला फार आशादायक वाटत होता. २०१० साली ओरॅकलने सन विकत घेतल्यावर त्याचे पाठबळ थांबले. मोझिलाने हब्स ही ब्राउझरमध्ये चालणारी खोल्यांची सेवा ३१ मे २०२४ रोजी बंद केली. मायक्रोसॉफ्टची अल्टस्पेस ही बंदिस्त सेवा मार्च २०२३ मध्येच मिटली होती. बंद पडणे दोन्हीकडे आहे. वंडरलँडची संहिता खुली असल्याने काही काळ स्वयंसेवकांनी ती ‘ओपन वंडरलँड’ या नावाने पुढे नेली, हब्सची संहिता आजही कोणालाही आपल्या सर्व्हरवर चालवता येते, आणि हाय फिडेलिटी कंपनीने आपले आभासी जग सोडून दिल्यावर त्याच संहितेतून व्हर्काडिया आणि पुढे ओव्हर्टे हे प्रकल्प उभे राहिले. अल्टस्पेसच्या बाबतीत ज्यांनी तेथे जागा उभारल्या होत्या त्यांना स्वतःचा सर्व्हर चालवण्याचा पर्यायच नव्हता.

ज्या प्रकल्पाकडे संस्था सर्वाधिक वळतात तो ओपनसिम्युलेटर, बोलण्यात ओपनसिम. जानेवारी २००७ मध्ये लिंडेन लॅबने आपल्या व्ह्यूअरची, म्हणजे वापरणाऱ्याच्या संगणकावर चालणाऱ्या भागाची, संहिता खुली केली आणि त्याच सुमारास त्या व्ह्यूअरशी बोलू शकेल असा स्वतंत्र सर्व्हर लिहिण्याचे काम सुरू झाले. तो सी-शार्प भाषेत आहे आणि बीएसडी परवान्याखाली मिळतो. त्यामुळे संस्थेला तो वापरता, बदलता आणि बदललेला तसाच चालवता येतो. त्यातील जमिनीचे एकक म्हणजे २५६ मीटर लांबी-रुंदीचा प्रदेश. नव्या आवृत्त्यांत याच्या पटीत मोठे प्रदेशही करता येतात. एकाच संगणकावर सारे काही चालवण्याची ‘स्टँडअलोन’ पद्धत आहे आणि अनेक सर्व्हर जोडून ‘ग्रिड’ करण्याची पद्धत आहे. एका विभागाच्या कामाला पहिली पद्धत पुरते. चाचणीपुरता एसक्यूलाइटचा डेटाबेस चालतो, परंतु विद्यार्थी आत येऊ लागण्यापूर्वी मायएसक्यूएल या अधिक भार पेलणाऱ्या डेटाबेसवर गेलेले बरे.

या सॉफ्टवेअरमधील सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते ‘ओएआर’ ही संग्रहफाइल आहे. सर्व्हरच्या कन्सोलवर, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, एक आज्ञा दिली की संपूर्ण प्रदेश, जमिनीचे चढउतार, वस्तू, त्यांवरील चित्रे, आज्ञावली आणि भूखंडांची माहिती, एका फाइलमध्ये बांधला जातो. ती फाइल दुसऱ्या संगणकावरच्या ओपनसिममध्ये उघडली की तोच प्रदेश तेथे उभा राहतो. शिवाय ही फाइल म्हणजे गूढ गाठोडे नाही: ती टार-जीझिप या फाइली एकत्र बांधण्याच्या साध्या, प्रचलित स्वरूपाची असते आणि आतील वस्तूंची वर्णने एक्सएमएलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, असतात, म्हणजे उद्या ओपनसिम नावाचे काही राहिले नाही तरी त्यातील बराचसा मजकूर वाचता येईल. एखाद्या वापरकर्त्याचा वैयक्तिक वस्तुसंग्रह जपण्यासाठी ‘आयएआर’ ही वेगळी फाइल असते. वापरकर्त्यांची खाती आणि पासवर्ड मात्र ओएआरमध्ये नसतात. त्यांसाठी डेटाबेसची प्रत स्वतंत्रपणे घ्यावीच लागते. ही गोष्ट अनेकांना सर्व्हर कोसळल्यानंतर कळते.

संपूर्ण प्रदेश उचलता येतो याचा अर्थ त्यातील सर्व काही आपले आहे असा होत नाही. एखाद्या व्यापारी जगात विकत घेतलेले झाड किंवा खुर्ची दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याची मुभा परवान्यात बहुधा नसते. ग्रिडच्या व्यवस्थापकाला तांत्रिकदृष्ट्या सगळ्याच वस्तूंच्या प्रती काढता येतात, म्हणून तर निर्मात्यांचा अशा खासगी ग्रिडवर विश्वास कमी असतो. संस्थेने पहिल्या दिवसापासून प्रत्येक उसन्या वस्तूच्या परवान्याची नोंद ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि नंतर करायला गेले तर अशक्य आहे.

आता अध्यापनाकडे. आभासी जगात खुर्च्यांच्या रांगा मांडून पुढे पडद्यावर स्लाइड दाखवणे हा या माध्यमाचा सर्वांत वाया गेलेला वापर आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त दिसणाराही तोच आहे. पडद्यावरची अक्षरे चित्र म्हणून उतरतात, धूसर दिसतात, आणि विद्यार्थी अवताराला खुर्चीवर बसवून दुसऱ्या खिडकीत निघून जातो. व्याख्यानासाठी साधी ध्वनिचित्र बैठक अधिक चांगली. जेथे ‘जागा’ हाच अभ्यासाचा विषय असतो, तेथे आभासी जगाला तोड नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील संशोधकांनी ओपनसिममध्ये उभारलेले तेथील मध्ययुगीन कॅथेड्रल हे याचे उत्तम उदाहरण म्हणता येईल. १३१८ साली अभिमंत्रित झालेल्या त्या वास्तूचे आज भग्नावशेष उरले आहेत. पुनर्रचनेत विद्यार्थी खांबांमधून चालतो, छताची उंची अवताराच्या उंचीशी ताडून पाहतो आणि नकाशावर न सुचणारे प्रश्न विचारतो. पुनर्रचना करणाऱ्यालाही प्रत्येक दार कोठे होते हे ठरवावेच लागते, कारण चित्रात संदिग्ध सोडता येणारी गोष्ट येथे सोडता येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पुराव्याची शिस्त यातून जितकी कळते तितकी टिपणांतून कळत नाही.

दुसरा खरा उपयोग बांधण्यात आहे, पाहण्यात नाही. ओपनसिममधील वस्तूंना एलएसएल या भाषेत आज्ञावली जोडता येते. ती भाषा अवस्था आणि घटना यांवर उभी आहे: वस्तूला स्पर्श झाला, जवळ कोणी आले, कोणी काही बोलले, की त्या त्या घटनेपुरती आज्ञावली चालते. दार उघडणे ही एक अवस्था आणि दार मिटणे ही दुसरी, हे विद्यार्थ्याने स्वतः लिहून, समोर दार हलताना पाहून शिकणे हा प्रोग्रामिंगचा चांगला पाया आहे. आणखी लहान मुलांसाठी मी ओपनसिम निवडणार नाही. त्यांच्यासाठी फिनलंडच्या पेर्ट्टू आहोला यांनी २०१० साली सुरू केलेला आणि २०२४ मध्ये मिनेटेस्टऐवजी लुआंती हे नाव घेतलेला प्रकल्प अधिक योग्य आहे. त्यात ठोकळे रचून जग उभारायचे असते, तो जुन्या संगणकांवर चालतो, लुआ भाषेत वाढवता येतो आणि मेसेकॉन्स हा जोडभाग घातला तर त्यात तर्कमंडले, म्हणजे लॉजिक सर्किट, प्रत्यक्ष रचता येतात. दोन्ही वापरणाऱ्या शिक्षकांसाठी जाता जाता एक सूचना: लुआंतीमध्ये उंचीचा अक्ष वाय आहे आणि ओपनसिममध्ये झेड. सहनिर्देशकांचा पाठ घेताना हे आधी सांगितले नाही तर वर्गात निष्कारण गोंधळ होतो.

एका प्रदेशात किती जण मावतील, हा प्रश्न नेहमी येतो. इंटेलच्या संशोधकांनी बदललेल्या ओपनसिमवर एकाच दृश्यात हजार अवतार आणून दाखवले होते, परंतु तो विशेष रचनेचा प्रयोग होता. साध्या सर्व्हरवर एका वर्गाइतकी माणसे हा सुखाचा आकडा समजावा. भार माणसांच्या संख्येने जितका वाढतो त्याहून अधिक अवतारांना जडवलेल्या वस्तूंनी आणि सतत चालणाऱ्या आज्ञावलींनी वाढतो. सर्वजण एकदम आत येतात तो क्षण सर्वांत जड असतो, म्हणून विद्यार्थ्यांना काही मिनिटांच्या अंतराने आत घ्यावे. इंटरनेट कमकुवत असेल तर सर्व्हर संस्थेच्या अंतर्गत जाळ्यातच ठेवता येतो. पेन ड्राइव्हवरून चालणारी, इंटरनेटची गरजच नसलेली ओपनसिमची तयार आवृत्तीही शिक्षकांनी वर्षानुवर्षे वापरली आहे.

याची दुखणीही आहेत. व्ह्यूअर स्वतंत्रपणे उतरवून घ्यावा लागतो, त्याला बरे ग्राफिक्स कार्ड लागते आणि फोनवर हे काम होत नाही. फायरस्टॉर्मसारखे व्ह्यूअर मुख्यतः सेकंड लाइफसाठी घडतात, त्यामुळे तिकडे काही बदलले की ओपनसिमच्या मोजक्या विकासकांना मागोमाग धावावे लागते. आवाजाची सोय सर्व्हरच्या गाभ्यात नसून बाहेरच्या सेवेशी जोडून घ्यावी लागत आली आहे. संस्थेने बोलण्यासाठी आपली नेहमीची ध्वनिबैठक शेजारी चालू ठेवावी, ते सोपे पडते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी तर हे माध्यम जवळजवळ बंदच आहे, म्हणून ज्या कामाला गुण आहेत त्याला तितकाच सकस पर्यायी मार्ग आधीच आखलेला असला पाहिजे. उलट, वर्गात तोंड न उघडणारी मुले लिखित गप्पांमध्ये मोकळी होतात असाही अनुभव शिक्षक सांगतात. त्या गप्पा सर्व्हरवर किंवा कोणाच्या संगणकावर साठतात का, किती दिवस राहतात आणि कोण वाचू शकतो, हे विद्यार्थ्यांना सांगणे हे सर्व्हर आपल्याकडे घेतला की आपलेच काम होते.

बाहेरच्या जगाशी जोडणी ठेवावी की नाही, यावर माझे मत ठाम आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील प्राध्यापक क्रिस्टिना लोपेस यांनी घडवलेल्या हायपरग्रिडमुळे एका ग्रिडवरचा अवतार केवळ पत्ता देऊन दुसऱ्या, पूर्णपणे स्वतंत्र ग्रिडवर जाऊ शकतो, आपला वस्तुसंग्रहही सोबत ठेवतो. ही कल्पना सुंदर आहे आणि विद्यापीठांमधील सहकार्यासाठी ती उपयोगी पडते. परंतु अल्पवयीन विद्यार्थी असलेल्या सर्व्हरवर ती बंदच ठेवावी आणि प्रवेश नावनिशीवार यादीनेच द्यावा.

राहता राहिला माणसाचा प्रश्न. अशा जगांचा शेवट तंत्रज्ञानाने क्वचित होतो. ते सुरू करणारा उत्साही शिक्षक बदलून जातो आणि कन्सोलचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. म्हणून किमान दोघांना सर्व्हर चालवता आला पाहिजे, उभारणीची टिपणे लिहिलेली असली पाहिजेत आणि प्रत्येक सत्रात एकदा ओएआर फाइल वेगळ्याच संगणकावर उघडून पाहिली पाहिजे. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. दोघे मिळत नसतील तर स्वतः सर्व्हर चालवण्याच्या फंदात पडू नये. ओपनसिमचे प्रदेश भाड्याने देणाऱ्या सेवा आहेत. त्यांच्याशी करार करताना मागितल्याबरोबर ओएआर फाइल मिळेल, ही अट लेखी घालून घ्यावी. आणि प्रकल्प संपल्यावर ती फाइल, सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीचा क्रमांक, उसन्या वस्तूंच्या परवान्यांची यादी आणि प्रदेशातून चालत केलेले एक चित्रीकरण, एवढे एकत्र करून संस्थेच्या ग्रंथालयाकडे प्रबंधांसारखे जमा करावे.